धोका क्रमांक पाच

विश्वासराव रहाळकरांनी आयुष्यात दोनच कागदांवर न वाचता सही केली होती : लग्नाच्या रजिस्टरवर आणि कुवेतच्या कंपनीच्या पहिल्या करारावर. दोन्ही निभावले, पण त्यात आपलं काही कर्तृत्व नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यामुळे पुढच्या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी नियोजनावाचून शिंकसुद्धा दिली नाही.

माणूस मूळचा नाशिकचा, पेशाने इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. कारखान्यात कुठलंही काम सुरू करण्याआधी धोक्यांचा तक्ता करायची पद्धत होती. डावीकडे धोका, मग उपाय, मग जबाबदार माणसाचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात ‘संबंधितांना कळवले’ अशी खूण. या शेवटच्या रकान्यावर विश्वासराव नव्या मुलांना तासभर व्याख्यान देत. कारखान्यात जितके अपघात होतात, त्यातले निम्मे उपाय न केल्याने होतात आणि निम्मे केलेला उपाय दुसऱ्याला न सांगितल्याने, हे त्यांचं वाक्य एका फलकावर लावलेलंही होतं. ही पद्धत त्यांनी कुवेतमधल्या आपल्या रिग्गईच्या फ्लॅटमध्येही आणली. गणपतीच्या तक्त्यात ‘मोदक फुटणे’ हा धोका दरवर्षी मध्यम पातळीवर असे. त्यांच्या पत्नी चारुशीलाबाईंनी तो तक्ता कधी वाचला नाही आणि त्यांचे मोदक कधी फुटले नाहीत. याचं श्रेय विश्वासराव तक्त्याला देत.

फेब्रुवारीत त्यांनी जो तक्ता केला, त्याचं शीर्षक होतं ‘ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा सराव सामना पाहणे. आवृत्ती तिसरी. पाने चार.’

हा खेळ विश्वासरावांना महिन्याभरापूर्वी ठाऊकही नव्हता. आता मात्र कुवेतमध्ये त्यांच्याएवढा जाणकार दुसरा नसावा. निदान मराठीत तरी. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, एका बाजूला अठरा खेळाडू, आणि चेंडू झेलण्यासाठी एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा देऊन चढलं तरी कुणी तक्रार करत नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू गेला तर सहा गुण. नेम चुकून बाजूच्या फटीतून गेला तर एक गुण. चुकल्याबद्दल गुण देण्याची पद्धत विश्वासरावांनी आजवर फक्त मॅनेजमेंटमध्ये पाहिली होती. पण खेळाला शिस्त होती. चार क्वार्टर, म्हणजे चार क्वार्टर. त्यांनी नियमांची पुस्तिका छापून तिला पंच मारून फाइलला लावली होती आणि ‘चार’ या आकड्याखाली लाल रेघ ओढली होती.

एवढा उद्योग कशासाठी, तर ज्ञानदासाठी. रहाळकरांची ही एकुलती एक मुलगी पुण्याला फिजिओथेरपी शिकली. कुवेतमध्येच, जाब्रियातल्या एका दवाखान्यात तिला चांगली नोकरी होती. ती सोडून तीन वर्षांपूर्वी ती मेलबर्नला गेली आणि तिथल्या एका मोहल्ल्याच्या फुटबॉल संघात शनिवारी फुकट काम करू लागली. काम काय, असं विश्वासरावांनी फोनवर विचारलं, तेव्हा ती उत्साहाने म्हणाली की खेळ चालू असताना मैदानात पळत जायचं, खेळाडूंना पाणी द्यायचं, कुणाला लागलं का बघायचं. विश्वासरावांनी पाण्यापुढचं ऐकलंच नाही. ते म्हणाले, “म्हणजे एवढं शिकून पाणक्या झालीस.”

ज्ञानदा भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ती वडिलांशी फक्त हवामानावर बोलू लागली. दर रविवारी, न चुकता, पाच मिनिटं. तीन वर्षांत विश्वासरावांना मेलबर्नचं तापमान, पाऊस आणि वाऱ्याची दिशा तोंडपाठ झाली. मुलीच्या आयुष्याबद्दल मात्र त्यांना काही कळेनासं झालं.

जानेवारीत चारुशीलाबाई अचानक लोकरीचा मफलर विणायला बसल्या. करडा आणि नारिंगी. कुवेतच्या थंडीला मफलर लागत नाही आणि चारुशीलाबाईंना गुपित ठेवता येत नाही, त्यामुळे विश्वासरावांना चौकशीला दहा मिनिटं पुरली. ज्ञानदाला पेलिकन नावाच्या मोठ्या क्लबाने घेतलं होतं. मोसमाआधीच्या सराव सामन्यात ती पहिल्यांदा मुख्य संघाबरोबर मैदानात उतरणार होती. दोन क्वार्टर तिचे, बाकीचे दुसऱ्या कुणाचे. तिने आईच्या फोनवर क्लबाचं सभासदत्वही घेऊन दिलं होतं, कारण असले सामने टीव्हीवर येत नाहीत; फक्त सभासदांना आणि फक्त चालू असतानाच दिसतात. आणि शेवटी म्हणाली होती की बाबांना सांगू नकोस.

विश्वासराव बराच वेळ मफलरकडे बघत राहिले. मग त्यांनी पट्टी आणि पेन्सिल घेतली.

या मोहिमेत त्यांना पहिला साथी मिळाला अहमद परकार. अहमदभाई दापोलीचे, कुवेतच्या राई भागात त्यांची सोफ्यांची शोरूम होती, आणि शोरूमच्या भिंतीवर गिऱ्हाइकांना सोफ्यात गुंतवून ठेवण्यासाठी लावलेला पंचाऐंशी इंची टीव्ही. शुक्रवारी शोरूम दुपारनंतर उघडे. सामना शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. जागा ठरली. टीव्हीला फोन जोडायचं काम अहमदभाईंची कॉलेजात जाणारी मुलगी अदिबा करणार होती. तिने तक्ता पाहून, “अंकल, इट्स जस्ट अ प्रॅक्टिस मॅच,” एवढंच म्हटलं. विश्वासराव म्हणाले की सरावाच्या वेळी गाफील राहणाऱ्यांचीच पुढे धावपळ होते.

अहमदभाईंनी आधी थट्टा केली. ज्या सामन्याचा निकालही कुठे लागत नाही, त्याला चार पानं? मग निकाल लागणाऱ्या सामन्याला तुम्ही ग्रंथ लिहाल. पण चहा झाल्यावर त्यांनी गंभीरपणे विचारलं.

“पण काय ओ विश्वासराव, नंतर मुलीला फोन करून शाबासकी दिली तरी चालेलच की. बघायलाच कशाला हवं?”

“न बघता एकदा बोललो आहे मी,” विश्वासराव म्हणाले. “आता बघूनच बोलणार.”

अहमदभाईंनी दुसऱ्या दिवशी शोरूममधल्या सगळ्यात महाग सोफ्यावरचं प्लास्टिक काढून ठेवलं. त्यांच्या धंद्यात यापेक्षा मोठी निष्ठा नाही.

आता तक्त्याकडे येऊ. एकूण धोके अकरा. त्यातले दोन आपल्या कामाचे.

धोका क्रमांक चार : सभासदाचा फोन ऐन वेळी बंद पडणे. उपाय : फोन आदल्या रात्री शंभर टक्के चार्ज करून, आवाज बंद करून, बेडरूममध्ये उशाखाली ठेवावा. निघेपर्यंत कुणीही हात लावू नये. जबाबदारी : चारुशीला. कळवले : हो.

धोका क्रमांक पाच : वेळेचा गोंधळ.

इथे रहाळकरांच्या घड्याळाविषयी सांगायला हवं. आखातातल्या पुष्कळ घरांत असतं तसं त्यांच्याही दिवाणखान्यात एक घड्याळ भारताच्या वेळेवर होतं. नाशिकला आई-वडील होते तेव्हा फोन करायला बरं, म्हणून लावलेलं. आई-वडील गेले, घड्याळ राहिलं. घरात दुसरं घड्याळ नव्हतं, कारण लागत नव्हतं. वर बघायचं आणि अडीच तास वजा करायचे. चारुशीलाबाई हे झोपेतसुद्धा करत. भात शिजायला ठेवला तरी घड्याळ बघून आधी अडीच तास वजा करायच्या आणि मग त्यात वीस मिनिटं मिळवायच्या.

आता मेलबर्न कुवेतच्या पुढे आठ तास, भारताच्या पुढे साडेपाच, आणि भारत कुवेतच्या पुढे अडीच. इतके आकडे एका घरात नांदले तर कुठेतरी चूक होणारच, हे विश्वासरावांनी हेरलं. गुरुवारी दुपारी, रात्रपाळीला निघण्यापूर्वी, ते स्टुलावर चढले आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते घड्याळ कुवेतच्या वेळेवर आणलं. चारुशीलाबाई तेव्हा महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाच्या तालमीला गेल्या होत्या. विश्वासरावांनी तक्त्यात लिहिलं : उपाय : पूर्ण. जबाबदारी : विश्वास. शेवटच्या रकान्यापाशी पेन्सिल आली तेवढ्यात खाली कंपनीच्या बसने हॉर्न वाजवला.

शुक्रवारी सकाळी पाळी संपवून, कारखान्यातच आंघोळ करून, विश्वासराव साडेनऊला राईच्या शोरूममध्ये हजर झाले. मफलर गळ्यात. चारुशीलाबाईंनी सव्वादहाला आपली गाडी घेऊन, फोनसह, यायचं होतं. अदिबाने तारा जोडल्या. अहमदभाईंनी चहाचा थर्मास आणि खजूर मांडले. सव्वादहा झाले. साडेदहा झाले. विश्वासरावांनी फोन लावला. घंटा वाजत राहिली. अर्थात विश्वासरावांच्या कानात. घरी ती वाजणार नव्हती, कारण धोका क्रमांक चार.

पावणेअकरा वाजेपर्यंत त्यांनी सहा वेळा फोन केला. अदिबाने सुचवलं की आपण दुसरं सभासदत्व घेऊ. तिने प्रयत्नही केला, पण पत्ता ऑस्ट्रेलियाचाच लागत होता. अकरा दहाला, मेलबर्नच्या मैदानात पंचाने चेंडू आपटून उडवला असेल त्या क्षणी, राईच्या शोरूममध्ये तिघेजण पंचाऐंशी इंची काळ्या पडद्यासमोर बसले होते. अहमदभाईंनी पडद्यावरची धूळ पुसली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

“मी घरी जातो,” विश्वासराव उठले. “तुम्ही नमाज पढून या.”

राईहून रिग्गई म्हणजे दहा मिनिटं. शुक्रवार सोडून. शुक्रवारी राईला जुम्मा बाजार भरतो आणि अर्धा कुवेत तिथे गालिचे, कबुतरं आणि जुनी कपाटं घ्यायला येतो. विश्वासरावांची टॅक्सी एका पिकअपमागे अडकली. पिकअपमध्ये तीन दारांचं कपाट उभं होतं आणि त्याचं मधलं दार प्रत्येक ब्रेकला उघडत होतं. दाराला आतून आरसा. दर दोन मिनिटांनी विश्वासरावांना मफलर घातलेला एक घामेजलेला गृहस्थ दिसे. त्यांनी तक्ता मनात तपासला. अकराही धोक्यांत कपाट नव्हतं. त्यांनी मफलर काढला नाही.

बारा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी घराचं दार उघडलं. चारुशीलाबाई केस पुसत, मजेत गुणगुणत बाहेर आल्या. त्यांचा चेहरा इतका टवटवीत विश्वासरावांनी पुष्कळ दिवसांत पाहिला नव्हता.

“अहो, तुम्ही इकडे कसे? मी निघतेच आहे थोड्या वेळात. अजून दहासुद्धा वाजले नाहीत.”

विश्वासरावांनी घड्याळाकडे बघितलं. त्यात बारा वीस. चारुशीलाबाईंनीही बघितलं आणि त्यांच्या ओठांची किंचित हालचाल झाली. वजाबाकीची. त्या हालचालीवरून विश्वासरावांना सगळं कळलं.

हकीगत अशी झाली होती. रात्री तालमीहून दमून आल्यावर चारुशीलाबाई दिवाणखान्यात दिवा न लावताच झोपल्या. पहाटे साडेपाचला नेहमीप्रमाणे जाग आली. घड्याळात बघितलं, अडीच तास वजा केले, तीन वाजलेत असं निघालं. इतक्या आनंदाने त्या कित्येक वर्षांत परत झोपल्या नव्हत्या. पुन्हा उठल्या तेव्हा साडेसहा झाले होते, म्हणजे नऊ. ऊन फार आलंय असं त्यांना वाटलं खरं, पण कुवेतच्या उन्हाचा नेम नसतो. फोन बघितला असता तर कळलं असतं. पण फोनला हात लावायचा नाही, असं चार पानी कागदात लिहिलेलं होतं, आणि हा तक्ता त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच वाचला होता. मुलीचा होता म्हणून.

“तुम्ही घड्याळ बदललंत?” त्यांनी विचारलं.

“गोंधळ होऊ नये म्हणून.”

“मला सांगितलंत?”

विश्वासरावांनी खिशातून तक्ता काढला. पाचव्या ओळीचा शेवटचा रकाना रिकामा होता. नव्या मुलांना अठ्ठावीस वर्षं दिलेलं व्याख्यान त्यांना आठवलं, फलकासह. त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, “फोन आण.”

फोनवर सतरा मिस्ड कॉल होते आणि बॅटरी शंभर टक्के. ॲप उघडलं तर ते म्हणालं, आधी मला अपडेट करा. त्यात दहा मिनिटं गेली. शेवटी चित्र आलं तेव्हा तिसरा क्वार्टर सुरू होत होता. दोघं सोफ्यावर खांद्याला खांदा लावून, एवढ्याशा पडद्यावर डोळे रोखून बसली. करड्या-नारिंगी पट्ट्यांचे धिप्पाड पोरगे इकडून तिकडे पळत होते. मधूनच एक टकलू माणूस बाटल्या घेऊन मैदानात येई. चारुशीलाबाई प्रत्येक वेळी पुढे वाकत आणि प्रत्येक वेळी टकलू निघे.

तिसरा संपला. चौथा सुरू झाला. नमाज उरकून अहमदभाई आणि अदिबा आले. अहमदभाईंनी खजुरांचा डबाही बरोबर आणला होता. टकलू चौदा वेळा आला. चौथ्या क्वार्टरचा भोंगा वाजला, खेळाडू एकमेकांच्या पाठीवर थापा मारत बाहेर निघाले.

ज्ञानदाचे क्वार्टर दोन. तिसऱ्या-चौथ्यात ती नव्हती, म्हणजे पहिल्या-दुसऱ्यात होती. हे गणित करायला इंजिनियर लागत नाही. चारुशीलाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या की ती विचारेल तेव्हा आपण बघितलं असं सांगू. विश्वासरावांनी मान हलवली.

“नाही. न बघता पुन्हा नाही बोलायचं.”

ते उठले. स्टूल ओढलं, वर चढले आणि घड्याळ खिळ्यावरून काढलं. ते निदान पूर्वीसारखं करावं, एवढंच त्यांच्या हातात होतं. मागची किल्ली फिरवायला लागले तेवढ्यात अहमदभाई सावकाश म्हणाले :

“ओ विश्वासराव, ही पोरं परत कशाला उतरतायत?”

“शक्य नाही. क्वार्टर चार असतात.”

“अंकल, प्रॅक्टिस मॅच आहे,” अदिबा म्हणाली. “सिक्स क्वार्टर्स. इकडे लिहिलंय. नवीन प्लेयर्सना चान्स देतात.”

विश्वासराव स्टुलावर तसेच उभे राहिले. नियमांच्या पुस्तिकेतली लाल रेघ त्यांच्या डोळ्यांपुढे आली. इतक्या उघड नियमभंगाबद्दल एरवी त्यांनी क्लबाला पत्र लिहिलं असतं. या वेळी ते म्हणाले, “फोन जरा वर धर.”

अदिबाने हात उंच केला. पाचव्या क्वार्टरच्या तिसऱ्या मिनिटाला मैदानाच्या कडेने एक ठेंगणी मुलगी पळत आत आली. केसांचा घट्ट अंबाडा, पाठीवर छोटी पिशवी, दोन्ही हातांत बाटल्या. आजूबाजूला सहा-सहा फुटी पोरं, आणि त्यांच्या मधून ती अशी जात होती की जणू ती पोरं म्हणजे खांबच आहेत. चारुशीलाबाईंनी तोंडावर हात दाबला. अहमदभाईंनी खजुराचा डबा बंद केला.

विश्वासराव घड्याळ छातीशी धरून बघत होते. ती पाणी द्यायची, पण बघायची दुसरीकडेच. कुणाच्या गुडघ्याकडे, कुणाच्या चालीकडे. सहाव्या क्वार्टरमध्ये एकोणतीस नंबरचा एक खेळाडू झेल घेताना आपटला आणि लगेच उठलाही. हाताने खूण केली की ठीक आहे. ज्ञानदा पोहोचली. तिने त्याला पाणी दिलं नाही. त्याचा चेहरा दोन्ही हातांनी धरला, डोळ्यांत बघितलं, बोट डावीकडून उजवीकडे नेलं. तो मान झटकत होता. कडेवरून कुणीतरी हातवारे करत ओरडत होतं. ती ऐकेना. एवढ्या मोठ्या पोराला दंडाला धरून तिने मैदानाबाहेर चालवत नेलं, आणि तो गेला.

“नऊ वेळा आत आली,” सामना संपल्यावर विश्वासराव म्हणाले. “आणि एकदा त्याला बाहेर नेलं ती. दहा.” मग ते स्टुलावरून खाली उतरले.

कोण जिंकलं हे कुणीच बघितलं नव्हतं.

पाऊण तासाने फोन वाजला. म्हणजे चमकला, आवाज अजून बंदच होता. चारुशीलाबाईंनी तो नवऱ्याच्या हातात दिला.

“आई?”

“मी बोलतोय.”

“ओह. बाबा. इकडे आज चोवीस डिग्री होतं. वारा...”

“दक्षिणेचा. ठाऊक आहे. मला दुसरं विचारायचंय. तो एकोणतीस नंबर. तो म्हणत होता ठीक आहे, बाहेरचा कुणीतरी ओरडत होता. तू त्याला काढलंस कशावरून?”

“त्याचे डोळे,” ज्ञानदा हळू म्हणाली. “एक मागे राहत होता. डॉक्टरांनी नंतर कन्फर्म केलं. कन्कशन, मेंदूला मार. बाबा, तुम्ही...”

“आमच्या प्लँटवर काटा नॉर्मल दाखवत असला तरी चांगला माणूस पाइपला हात लावून बघतो. असली माणसं अठ्ठावीस वर्षांत मला चार भेटली.” विश्वासरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “तुला एक शब्द बोललो होतो मी. तो न बघता बोललो होतो. तो मागे घेतो.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज, आणि हसू. ती म्हणाली की फर्स्ट फोरमध्ये तिला बसवूनच ठेवलं होतं. पाचवा-सहावा मिळणार हेही ऐन वेळी कळलं, नाहीतर आईला सांगितलं असतं.

“पण तुम्हाला कसं कळलं? सहा क्वार्टर आहेत हे तिकडे कुणालाच माहीत नसणार.”

विश्वासरावांनी मफलर सारखा केला.

“नियोजन,” ते म्हणाले.

अहमदभाई खिडकीबाहेर बघू लागले. घड्याळ सोफ्यावर पालथं पडलं होतं आणि दुपारची जेवणं अजून व्हायची होती. किती वाजले असतील म्हणून चारुशीलाबाईंनी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघितलं, आणि सवयीने अडीच तास वजा केले.